ताकातले जिवाणू आणि कुळथातलं त्यांचं खाणं

देवगडला आत्याकडे गेलो, तर माजघराच्या खिडकीत दोन डबे शेजारी शेजारी. एकावर प्रोबायोटिक, दुसऱ्यावर प्रीबायोटिक. "पायांक जोर येता म्हणान चेडवान धाडल्यान," आत्या म्हणाली. म्हणजे लेकीने पाठवलेले. आत्याचं वय 74. पडवीतल्या बाकावरून उठताना एक हात खांबाला लागतोच. दोन्ही एकच समजून ती हाताला येईल त्या डब्यातला चमचा घ्यायची.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू. घरचं ताक त्याच्या बरंच जवळचं, पण त्याची कढी उकळली की जिवाणू मेले. सोलकढी तर नावापुरतीच कढी. नारळाचा रस आणि कोकम, विरजणाचा पत्ताच नाही.

प्रीबायोटिकात जिवंत काही नसतं. मोठ्या आतड्यात आधीच मुक्काम ठोकलेल्या जिवाणूंचं ते खाणं. कांदा, लसूण, कच्चं केळं. कुळथाची पिठी ओरपल्यावर काही तासांनी पोट गुरगुरतं ना, ते हेच. कुळथातल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्या खाली पोचतात, जिवाणू त्या आंबवतात. त्यातून वायू होतो, आणि ब्युटिरेटसारखी आम्लंही. आतड्याच्या अस्तराच्या पेशी ब्युटिरेटवर पोसतात. उतारवयात हे अस्तर झिरपू लागलं की जिवाणूंचे तुकडे रक्तात जातात, अंगात मंद दाह धुमसत राहतो आणि खाल्लेलं प्रथिन स्नायूंच्या नीट कामी येत नाही, असा हा सगळा तर्क. त्याला पुरावा आहे, पण बराचसा उंदरांमधला.

माणसांवरचा एक प्रयोग मला फार आवडतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजने साठीपुढच्या जुळ्यांच्या 36 जोड्या घेतल्या. व्यायाम आणि प्रथिनाची पूड सगळ्यांना; जोडीतल्या एकाला वर प्रीबायोटिक, दुसऱ्याला नुसतीच दिसायला तशी पूड. 12 आठवडे. 2024 साली निकाल छापून आला: आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया नावाचे उपकारक जिवाणू वाढले, स्मरणाच्या चाचणीत चुका कमी झाल्या, पण खुर्चीवरून उठायच्या वेगात दोघांत फरक नाही. म्हणजे ज्या पायांसाठी डबा आला, तेच राहून गेले!

आत्याला मी हात छातीशी धरून खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करायला लावली. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषानुसार 12 सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. तिला 17 लागले. प्रथिनाला बांगडा ताटात होताच, पण तो ती नातवाला वाढून स्वतः तिकल्याच्या नुसत्या रश्शावर भागवत होती. आता अख्खा बांगडा तिचा, आणि सकाळ-संध्याकाळ खुर्ची.

डबे खिडकीतच आहेत. पिठी मात्र ती सोमवारीच करते. गुरुवारी भजनात चार माणसांत बसायचं असतं.