निधी संकलन प्रमुखाचा पगार कुठल्या शीर्षाखाली? एक पार्श्वभूमी

शैक्षणिक विषमतेवर काम करणाऱ्या संस्थांच्या नोकरीच्या जाहिरातींत गेली काही वर्षं एक पद वारंवार दिसतं. नाव संस्थेगणिक बदलतं. कुठे निधी संकलन प्रमुख, कुठे रिसोर्स मोबिलायझेशन हेड, कुठे डायरेक्टर पार्टनरशिप्स. काम एकच, पैसे आणणं. अनुभव दहा-बारा वर्षांचा हवा, इंग्रजी उत्तम हवं, फिरतीची तयारी हवी, आणि पगाराच्या जागी ‘अनुभवानुसार’ एवढा एकच शब्द. हा शब्द निव्वळ संकोचातून आलेला नाही. हा पगार हिशेबात कुठे दाखवायचा, याचा निकाल बऱ्याच संस्थांमध्ये अजून लागलेला नसतो.

शिक्षणासाठी पैसे मागत फिरणं महाराष्ट्राला मुळीच नवं नाही. हिंगण्याच्या आश्रमाचे संस्थापक महर्षी कर्वे 1929 पासून, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, आधी युरोप-अमेरिका आणि मग आफ्रिका असे महिलांच्या विद्यापीठासाठी फिरले. त्याआधी 1920 मध्ये मुंबईच्या एका गिरणीमालकाने त्या विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्याच्या आईचं नाव लागलं. आज ज्याला ‘नेमिंग राइट्स’ म्हणून प्रपोजलमध्ये वेगळं पान दिलं जातं, ते तेव्हाही होतं. साताऱ्याकडे रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरातून मूठ-मूठ धान्य गोळा होत होतं. पैसा फंडाने माणशी एक पैसा मागून तळेगावला काचेचा कारखाना उभा केला आणि त्यात कारागीर शिकवले.

या सगळ्यांत मागणारा माणूस हा संस्थेचाच प्राण होता. त्याचा मागण्याचा वेगळा पगार नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नीने वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र विकल्याची साताऱ्याची गोष्ट प्रत्येक वर्धापनदिनाला सांगितली जाते आणि ती सांगायलाही हवी. पण पन्नाशीच्या उमेदवाराने महिन्याला दीड-दोन लाखांचा आकडा उच्चारला की विश्वस्तांच्या चेहऱ्यावर जी सावली येते, तिचा उगम पुष्कळदा याच गोष्टीत असतो.

मधला मोठा काळ सरकारी अनुदानाचा. मान्यता मिळाली, अनुदान सुरू झालं की पगाराची चिंता मिटायची; पावतीपुस्तक इमारतीपुरतं आणि सुवर्णमहोत्सवापुरतं बाहेर निघायचं. त्या दशकांविषयी इथे फार लिहिण्यासारखं नाही. 1983 च्या सुमाराचा एक निर्णय मात्र सोडून चालणार नाही, कारण त्याने एका शब्दाचा अर्थ कायमचा बिघडवला.

राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयं काढायला परवानगी दिली आणि प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या रकमेला लोक ‘डोनेशन’ म्हणू लागले. 1987 मध्ये कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा झाला, पण तोवर शब्द रुळला होता. आजही मराठी घरात ‘शाळेने डोनेशन मागितलं’ याचा अर्थ एकच होतो. त्यामुळे वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या माणसाने ‘आम्ही शिक्षणासाठी डोनेशन गोळा करतो’ असं म्हटलं, की समोरचा अर्धा क्षण थबकतो. पुण्या-मुंबईतल्या संस्था इंग्रजीत ‘डोनर’ बिनदिक्कत म्हणतात, मराठीत मात्र ‘देणगीदार’, ‘हितचिंतक’, ‘सहयोगी’ असे शब्द धुंडाळतात. पदाच्या नावांचा हा सुळसुळाट थोडा यामुळेही आहे. ‘पार्टनरशिप्स’ म्हटलं की पैशाचा वास येत नाही.

नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये बालवाड्या सुरू करणाऱ्या एका संस्थेने दाखवून दिलं की शाळा न काढता, इमारत न बांधता, लाखो मुलांपर्यंत पोचता येतं. अशा कामाला अनुदान मिळत नाही, कारण अनुदान देता येईल असं शाळेसारखं काही तिथे नसतं. मग पैसे आले ते अमेरिकेतल्या भारतीयांच्या भोजन समारंभांतून, परदेशी फाउंडेशन्सकडून, उद्योगपतींकडून. 2004 पासून मुंबईच्या मॅरेथॉनने धावणाऱ्यांना संस्थांसाठी पैसे गोळा करायची रीत लावली. स्टेशनबाहेर गळ्यात ओळखपत्र आणि हातात पॅड घेऊन उभी राहणारी तरुण मुलंही याच सुमारास दिसू लागली. बँका, विमा आणि जाहिरात क्षेत्रातली माणसं या कामात शिरली ती इथून. विक्रीची भाषाही त्यांच्याबरोबर आली: टार्गेट, पाइपलाइन, रिटेन्शन.

तरी मोठ्या देणग्यांचा दोर संस्थापकाच्याच हातात राहिला. देणगीदाराला संस्थापकाचा फोन हवा असे. पहिल्या पिढीचे संस्थापक साठीकडे झुकले तेव्हा बऱ्याच संस्थांच्या लक्षात आलं की आपल्याकडे देणगीदारांची यादी नाही, एका माणसाचा मोबाइल आहे. ज्येष्ठ पदाची गरज पहिल्यांदा तीव्रतेने जाणवली ती इथे.

मग 2013 चा कंपनी कायदा आला. त्यातलं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. 500 कोटी नक्त मूल्य, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा, यांपैकी काहीही असलेल्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. यालाच सीएसआर म्हणतात. हा खर्च कोणत्या कामांवर चालतो ते सांगणाऱ्या परिशिष्ट सातमध्ये शिक्षण आहेच, आणि या खर्चात बहुतेक वर्षं सर्वांत मोठा वाटा त्याचाच राहिला आहे. धर्मादाय आयुक्तांचं प्रमाणपत्र आणि 80जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत देणारी, पावती एवढ्यावर भागवणाऱ्या संस्थांना आता बेसलाइन (कामाआधीची पाहणी), तिमाही अहवाल, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्याप्रमाणे खर्चल्याचा दाखला) हे सगळं आलं. एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 अर्जाची नोंदणीही. हे सांभाळणारा माणूस कंपनीच्या बैठकीत कंपनीच्या माणसांसारखा बोलणारा हवा होता, आणि तसा माणूस बाजारभावानेच मिळतो.

इथे तो शब्द येतो, ज्याने गेल्या दहा वर्षांत या क्षेत्रातल्या बैठकांचा निम्मा वेळ खाल्ला असेल: प्रशासकीय खर्च. बोलीत ‘अ‍ॅडमिन’ किंवा ‘ओव्हरहेड’. ऐकायला सरळ. पण दोन वेगळ्या कायद्यांत त्याचे दोन वेगळे अर्थ आहेत, आणि तिसरा अर्थ कुठल्याच कायद्यात नसून देणगीदाराच्या मनात आहे.

पहिला कायदा परदेशी देणगीचा, म्हणजे एफसीआरए. 1976 चा कायदा बदलून 2010 चा आला तेव्हा परदेशी पैशातला प्रशासकीय खर्च 50 टक्क्यांपर्यंत चालेल असं ठरलं. नियमांत या खर्चाची व्याख्या आहे. कार्यकारी मंडळाचं मानधन, व्यवस्थापनासाठी माणसं नेमण्याचा खर्च आणि त्यांचे पगार, कार्यालय, हिशेब, वकील हे सगळं त्यात येतं. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा रुग्णालयातल्या डॉक्टरचा पगार येत नाही, कारण तो थेट उद्दिष्टावरचा खर्च. निधी संकलन प्रमुख शिकवत नाही. तो व्यवस्थापनाचाच माणूस धरला जातो. 50 टक्क्यांची मुभा होती तोवर हे कुणाला टोचलं नाही.

सप्टेंबर 2020 मध्ये दुरुस्ती झाली आणि 50 चे 20 झाले. त्याच दुरुस्तीने आणखी एक दार बंद केलं. परदेशी पैसा घेतलेल्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेकडे वळवायचा नाही, दुसरी नोंदणीकृत असली तरी नाही. याचा परिणाम दिल्लीत बसून दिसत नसावा. नंदुरबार, गडचिरोली किंवा मेळघाटात आश्रमशाळेतल्या मुलांबरोबर काम करणाऱ्या लहान संस्था मुंबई-पुण्यातल्या मोठ्या संस्थेमार्फत येणाऱ्या पैशावर चालत होत्या. मागण्याचं, इंग्रजी लिहिण्याचं, ऑडिटचं काम मोठी संस्था करी. लहान संस्था मुलांत असे. ही साखळी तुटल्यावर प्रत्येक लहान संस्थेला स्वतःचा पैसे आणणारा माणूस लागू लागला, आणि नेमकी त्याच दिवशी त्याला पगार देण्याची मुभा निम्म्याहून कमी झाली. दोन्ही तरतुदी एकाच कागदावर होत्या. गैरवापर रोखण्यासाठी हे केलं असं सरकारचं म्हणणं. गैरवापर होत नव्हता असं कुणी म्हणणार नाही, पण चाळीस हजारांवर काम करणारा समन्वयक आणि गाड्यांचा ताफा बाळगणारा न्यास एकाच मापाने मोजले गेले.

दुसरा कायदा सीएसआरचा. तिथे 5 टक्के ही मर्यादा आहे आणि गोंधळ तिच्याच पोटात आहे. जानेवारी 2021 च्या सुधारित नियमांनी प्रशासकीय खर्चाची व्याख्या स्पष्ट केली: कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यात येत नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या खुलाशात तर काम करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च कंपनीच्या या 5 टक्क्यांत मोजायचाच नाही, असं सांगितलं गेलं. म्हणजे मर्यादा कंपनीवर आहे, संस्थेवर नाही.

तरीही करारनामा उघडा. ‘प्रशासकीय खर्च एकूण रकमेच्या 5 टक्क्यांहून अधिक नसावा’ हे वाक्य संस्थेसाठी छापलेलं सापडतं. एका कंपनीने टाकलं, दुसरीच्या वकिलाने उतरवून घेतलं आणि ते सगळीकडे पसरलं. मी स्वतः एका संस्थेचे हिशेब काही वर्षं पाहिले. खुलाशाची प्रत घेऊन एका कंपनीच्या कार्यालयात गेलो तेव्हा समोरच्या बाईंनी ती नीट वाचली, ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणाल्या, आणि टेम्प्लेट बदलता येत नाही असंही म्हणाल्या. कॉफी चांगली होती.

तिसरा अर्थ देणगीदाराच्या मनातला. ‘माझा रुपया थेट मुलापर्यंत पोचला पाहिजे’ असं सांगणारा माणूस चांगला असतो. पण रुपया मुलापर्यंत चालत जात नाही. संस्थांनी स्वतःच ‘100 टक्के रक्कम मुलांसाठी’ असं छापून ही अपेक्षा वाढवली, हेही मान्य करायला हवं.

या तीन अर्थांच्या कात्रीत ज्येष्ठ पद भरायचं म्हणजे कसरत. परदेशी खात्यातून पगार दिला तर 20 टक्क्यांवर ताण, सीएसआरमधून दिला तर करारनाम्याचा भंग. उरतं ते कॉर्पसवरचं, म्हणजे कायम ठेवीवरचं, व्याज आणि व्यक्तिगत देणग्यांचा मुक्त, म्हणजे कुठल्याही कामाला वापरता येणारा, निधी. लहान संस्थांकडे तो इतका कमी असतो की एक ज्येष्ठ पगार त्याचा बराचसा भाग गिळतो. म्हणून पदाचं नाव बदलतं. ‘प्रोग्राम अँड पार्टनरशिप्स’ असं जोडनाव दिलं की अर्धा पगार कार्यक्रमाच्या शीर्षाखाली दाखवता येतो. काही ठिकाणी तो माणूस खरोखर अर्धा वेळ शाळांत जातो. काही ठिकाणी जात नाही. अलीकडे काही मोठे देणगीदार संस्थेच्या उभारणीसाठीच वेगळा पैसा देऊ लागलेत, आणि पुष्कळ संस्थांना असं पद त्यामुळेच निर्माण करता आलं. पण तो पैसा दोन-तीन वर्षांचा असतो.

कमिशनवर माणूस ठेवायचा पर्याय दरवेळी कुणीतरी विश्वस्त सुचवतोच: पगार नको, आणील त्याचे दहा टक्के देऊ. व्यापारी घराला हे स्वाभाविक वाटतं. व्यावसायिक निधी संकलकांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत मात्र टक्केवारीवरचा मोबदला निषिद्ध आहे. अशाने माणूस घाईचा पैसा शोधतो, तीन वर्षं सबुरीने जोडावा लागणारा देणगीदार शोधत नाही. शिवाय देणगीदाराला हे कळलं तर तो पुन्हा दारात उभा करत नाही. राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 41क वर्गणी गोळा करण्याच्या परवानगीसाठी आहे, गणेश मंडळांच्या लोकांना ते तोंडपाठ असतं. त्या परवानगीच्या कागदातून टक्केवारीचा प्रश्न सुटत नाही. कमिशनची रक्कम हिशेबात ‘कन्सल्टन्सी फी’ म्हणून येते.

शैक्षणिक विषमतेच्या संस्थांना आणखी एक अडचण आहे. कलम 135 कंपनीला आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतं. हे बंधन नाही, सूचना आहे, असा सरकारचा खुलासा आहे, पण संचालक मंडळांना ती सोयीची पडते. कारखाने चाकण, रांजणगाव, तळोजा, बुटीबोरीला. पैसाही तिकडेच. केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे चार आहेत: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. जिथे विषमता सर्वांत खोल तिथे नफा कमावणाऱ्या कंपन्या फारशा नाहीत. मुंबईत बसून नंदुरबारमधल्या धडगावच्या मुलांसाठी पैसे मागणाऱ्याला आधी धडगाव नकाशावर दाखवावं लागतं.

करांच्या बाजूनेही जमीन हलते आहे. 2017-18 पासून 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला 80जीची सवलत नाही. 2021 पासून संस्थांना ठरावीक वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, प्रत्येक देणगीदाराचं विवरण आयकर खात्याकडे भरावं लागतं. नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला 80जीचा उपयोगच राहिलेला नाही. मार्चअखेरीला करबचतीसाठी येणारे फोन त्यामुळे ओसरू लागले. सामाजिक संस्थांना शेअर बाजारातून पैसे उभे करू देणाऱ्या सोशल स्टॉक एक्स्चेंजचा उल्लेख 2019 च्या अर्थसंकल्पात आला आणि डिसेंबर 2023 मध्ये त्यावर पहिली संस्था सूचिबद्ध झाली. ज्या रोख्यावर ना व्याज ना मुद्दल, तो विकायचा कसा, हे आता जाहिरातीतल्या ‘अपेक्षित कौशल्यां’मध्ये दिसू लागलं आहे.

पगाराच्या रकान्यात अजून ‘अनुभवानुसार’च लिहिलेलं असतं. हुशार उमेदवार मुलाखतीला जाण्याआधी संस्थेचा मागच्या वर्षीचा ताळेबंद मागून घेतो आणि मुक्त निधीचा आकडा बघतो.