शोभेचं कॅलेडियम, खायचं अळू: कोणती कुंडी कुठे ठेवायची

पाऊस तोंडावर आला की आमच्या नर्सरीत बदामी आकाराच्या मोठ्या पानांची मागणी वाढते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये उत्तरेकडची गॅलरी असलेल्यांना रंगीत पानं हवी असतात. कळव्यात किंवा नेरुळात तळमजल्यावर थोडीफार मातीची जागा असलेल्यांना वडीचं अळू हवं असतं. आम्ही दोन्ही विकतो. दोन्हीचे कंद लावायचा मोसम साधारण एकच, पानं लांबून सारखी, आणि दोन्ही सुरणाच्याच कुळातली. फरक मात्र मोठा आहे. अळू ताटात वाढायचं असतं आणि कॅलेडियमचा कुठलाही भाग तोंडात घालायचा नसतो. कुंडी घरी नेण्याआधी हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं, म्हणून हे पत्रक.

पानावरून ओळख

कॅलेडियम मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. पान पातळ, उजेडासमोर धरलं तर शिरा आरपार दिसतात. गुलाबी, पांढरा, लाल असे रंग पानभर पसरलेले असतात. अळू आपल्या भागातलं, दक्षिण आणि आग्नेय आशियातलं. पान एकरंगी, जाडसर, वरून मखमली. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. मोती होऊन घरंगळतात, पान कोरडंच राहतं.

तिसरं एक झाड या दोघांत गोंधळ घालतं, ते अलोकेशिया. त्याची पानं चकचकीत असतात आणि टोक बहुतेक वेळा वर किंवा आडवं रोखलेलं असतं. अळूचं पान खाली मान घालून लोंबतं, आणि देठ पानाच्या खाचेत न जुळता थोडा आत, पानाच्या पोटाशी जुळतो. ही देठाची खूण बरेच जण सांगतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. कॅलेडियमचा देठही अनेकदा आतच जुळलेला असतो. रंग, जाडी, पाण्याचा थेंब आणि देठ या चारही गोष्टी बघा. तरीही शंका राहिली तर ते पान खायचं नाही.

‘ब्लॅक मॅजिक’ नावाच्या झाडाबद्दल तर जवळजवळ रोज विचारणा होते. हे जातीने अळूच, पण शोभेसाठी वाढवलेलं. वडीच्या काळ्या अळूचा देठ काळपट जांभळा असतो आणि पान हिरवंच राहतं. ब्लॅक मॅजिकचं अख्खं पानच काळं-जांभळं होतं. त्याच्या वड्या करू नयेत, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. घरोघरी लावलेलं भाजीचं आणि वडीचं अळू पिढ्यान्‌पिढ्या कमी खाजरं बघून निवडत आलेलं आहे. शोभेचं वाण निवडताना फक्त रंग बघितलेला असतो. शिवाय शोभेच्या झाडांवर आम्ही आणि आमचे पुरवठादार अशी कीटकनाशकं वापरतो, जी भाजीवर कधीही मारणार नाही.

खाज कशामुळे येते

या कुळातल्या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्चं पान चावलं की ते जिभेत, गालात, घशात रुततात. अळू नीट शिजवल्यावर त्याचा त्रास खूप कमी होतो. आपल्याकडे फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका हवाच, वडीच्या पिठातही चिंच-गूळ हवा, आणि चिरण्याआधी हाताला तेल लावायचं. यातलं काहीही वगळू नये. अर्धवट वाफवलेल्या वडीने घसा धरल्याच्या तक्रारी येतात त्या बहुधा घाईमुळे. उंडे आतपर्यंत शिजू द्या. मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी अळू किती खावं हे डॉक्टरांना विचारावं, कारण ऑक्झलेट शिजल्यावरही पूर्ण जात नाही.

कॅलेडियमच्या बाबतीत शिजवण्याचा प्रश्नच नाही. पान, देठ, कंद, काहीच खायचं नाही. रांगतं मूल किंवा कुंड्या कुरतडणारं मांजर-कुत्रं घरात असेल तर कुंडी उंचावर किंवा टांगून ठेवा, आणि तेही जमत नसेल तर हे झाड नेऊच नका. आमची एक कुंडी कमी खपली तरी चालेल. मुलाने पान चावलंच तर तोंडातले तुकडे काढा, पाण्याने चूळ भरायला लावा, थंड दूध किंवा दही द्या. ओठ-जीभ सुजली, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जातंय असं दिसलं तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा. पानाचा फोटो सोबत न्या.

ऊन आणि पाणी

बरेच जण जागा न बघता झाड निवडतात, आणि पुढची सगळी निराशा तिथून सुरू होते. कॅलेडियमला भरपूर उजेड हवा, पण थेट ऊन नको. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास चालतं. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिलचं दुपारचं ऊन लागलं की पांढऱ्या पानाच्या कडा दोन दिवसांत करपतात. अळूला ऊन लागतं. पानांसाठी लावणार असाल तर तीन-चार तासांच्या उन्हावर भागतं. अळकुड्या हव्या असतील तर सहा तास तरी ऊन, खोल माती आणि मधून मधून बुंध्याला माती चढवणं, एवढं सगळं लागतं.

त्यातही एक अडचण आहे. पानं खुडत राहिलात तर कंद पोसत नाही. आमचं स्पष्ट मत असं की फ्लॅटच्या गॅलरीत अळू लावायचं ते पानांसाठी. अळकुड्या वाशीच्या घाऊक बाजारातून येऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे सहज मिळतात. वडीसाठी सकाळी खुडलेलं, न फाटलेलं पान मात्र बाजारात क्वचितच मिळतं.

पाण्याचं गणित दोघांचं उलटं आहे. अळूच्या मुळांशी सतत ओल लागते, चिखलातही ते सुखाने वाढतं. त्याला बारा-चौदा इंचांची कुंडी किंवा ग्रो बॅग घ्या आणि मातीत शेणखत सढळ हाताने घाला. कॅलेडियमचा कंद साचलेल्या पाण्यात कुजतो. सहा ते आठ इंचांची कुंडी पुरते. माती, कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी वाळू असं भुसभुशीत मिश्रण करा, आणि वरचा थर बोटाला कोरडा लागला की मगच पाणी द्या. जुलैच्या धारांत कॅलेडियम उघड्यावर ठेवू नका. पानं फाटतात आणि कंद सडतो.

अळूच्या कुंडीखाली पाण्याची बशी ठेवत असाल तर ती आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून घ्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याला आठ-दहा दिवस पुरतात. पाहणीला येणारे पालिकेचे लोक पहिल्यांदा बशाच तपासतात, आणि ते बरोबरच आहे.

संततधारेत अळूच्या पानावर भिजल्यासारखे गोल डाग पडून तपकिरी होत पसरले तर तो बुरशीजन्य करपा. ती पानं काढून कचऱ्यात टाका, कुंड्या लांब लांब ठेवा, पाणी पानांवर न मारता बुडाशी घाला. खायच्या झाडावर मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

पानं पिवळी पडली की

नोव्हेंबर-डिसेंबरपासून आम्हाला फोन सुरू होतात, कॅलेडियम मेलं म्हणून. ते मेलेलं नसतं. रात्री गार झाल्या की पानं एकेक करून पिवळी पडतात, कोलमडतात, आणि कुंडीत नुसती माती उरते. कंद खाली झोपलेला असतो. पाणी कमी करत बंद करा आणि कुंडी घरातल्या कोरड्या, सावलीच्या कोपऱ्यात सरकवा. कुंडी हवी असेल तर कंद काढून, माती झटकून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्याने तो खराब होतो. एप्रिल-मे महिन्यात उकाडा वाढला की डोळे वरच्या बाजूला ठेवून एक-दोन इंच खोल लावा. कोंब यायला तीन-चार आठवडेही लागतात, तोवर माती फक्त ओलसर ठेवा. दरवर्षी कितीतरी चांगले कंद या गैरसमजातून कचऱ्यात जातात, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

जूनमध्ये लावलेल्या अळूची पानंही याच सुमारास पिवळी पडतात. तिथे त्याचा अर्थ कंद तयार झाले असा आहे. अळकुड्यांसाठी लावलं असेल तर पाणी तोडा आणि आठवडाभराने खणा. मधला गड्डा आणि त्याला चिकटलेल्या लहान अळकुड्या वेगळ्या होतील. पुढच्या लावणीसाठी कोंब असलेल्या, न कापलेल्या अळकुड्या बाजूला ठेवा.

आता एक कळकळीची विनंती. कॅलेडियमची किंवा कुठल्याही शोभेच्या झाडाची जुनी कुंडी अळूसाठी वापरायची असेल तर आतली माती पूर्ण बदला. कॅलेडियमच्या कंदाचा सुपारीएवढा तुकडाही मातीत राहिला तर अळूच्या गर्दीत फुटतो. कोवळं पान हिरवट असताना ते चटकन वेगळं दिसत नाही, आणि गौरीच्या जेवणाच्या किंवा ऋषिपंचमीच्या भाजीच्या घाईत जुडीबरोबर खुडलं जाऊ शकतं. रुळांच्या कडेला, नाल्याकाठी उगवलेलं अळूही घरी आणू नका. ते कुठल्या पाण्यावर वाढलंय ते आपल्याला दिसतंच आहे.

आमच्याकडे खायच्या अळूच्या कुंडीला हिरवी पट्टी असते, शोभेच्या झाडांना लाल, आणि दोन्ही वेगवेगळ्या मांडवात ठेवलेली असतात. घरी नेल्यावर पट्टी काढू नका. येताना तुमच्या गॅलरीचे दोन फोटो आणा, एक सकाळी नऊचा, एक दुपारी तीनचा. ऊन कुठपर्यंत येतं ते बघून कोणती कुंडी न्यायची ते आपण ठरवू.