सीपीयू परत घेता येतो, मेमरी नाही

आठ कोअरचा, म्हणजे एकाच वेळी आठ कामं चालवू शकणारा, एक लिनक्स सर्व्हर घेऊ. त्यावर डेटाबेस आहे, वेबसाइट आहे, दर तासाला रिपोर्ट तयार होतात आणि रात्री बॅकअप सुरू होतो. प्रोसेसची, म्हणजे सुरू असलेल्या प्रोग्रॅमची, यादी काढली तर ती शेकड्यांत जाते, पण त्यातल्या बहुतेक झोपलेल्या असतात. अडचण येते ती अनेकांना एकदम जाग आली की. कोणाला किती सीपीयू आणि कोणाला किती मेमरी, हे तेव्हा कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ठरवावं लागतं. सर्व्हर सांभाळणारे पुष्कळ जण या दोन्ही वाटपांना एकच न्याय लावतात. माझ्या मते बहुतेक गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

सीपीयूचं वाटप म्हणजे वेळेचं वाटप. कर्नलमधला शेड्युलर एका प्रोसेसला कोअरवर काही मिलिसेकंद चालू देतो, मग थांबवतो, कोअरच्या रजिस्टरांमधली (छोट्या साठवणजागांमधली) तिची माहिती जपून ठेवतो आणि दुसरीला बसवतो. कालव्याचं पाणी पाळीनं शेतात सोडतात तसाच हा व्यवहार आहे. थांबलेल्या प्रोसेसचं काहीच हरवत नाही. पाळी आली की ती थांबली होती तिथूनच पुढे जाते.

या पाळीत कोणाला जास्त वेळ मिळावा हे सांगायला युनिक्समध्ये सत्तरच्या दशकापासून ‘नाइस’ ही आज्ञा आहे. तिचा आकडा लिनक्सवर उणे २० ते १९ असतो. आकडा जितका मोठा, तितकी ती प्रोसेस इतरांना वाट करून देते. एकाच कोअरवर ० आणि ५ नाइस असलेल्या दोन प्रोसेस सतत चालू राहिल्या, तर पहिलीला सुमारे ७५ टक्के आणि दुसरीला २५ टक्के वेळ मिळतो.

नाइसची उणीव अशी की तो एकेका प्रोसेसपुरता बघतो. एकाने पन्नास प्रोसेस सुरू केल्या आणि दुसऱ्याने एकच, तर पहिल्याला पन्नासपट वाटा जातो. सिडनी विद्यापीठातल्या ज्युडी के आणि पिअर्स लॉडर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फेअर शेअर शेड्युलर’मध्ये यावर उपाय होता: आधी माणसांमध्ये वाटणी करायची, मग त्या माणसाच्या प्रोसेसमध्ये. लिनक्समध्ये हाच विचार सीग्रुपच्या रूपाने रुजला. गूगलमधल्या अभियंत्यांनी २००६ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि २००८ च्या सुरुवातीला तो कर्नलमध्ये आला. प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवणारी डॉकर आणि कुबरनेटीस ही साधनं आज ज्या पायावर उभी आहेत तो हाच. प्रोसेसचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला वजन द्यायचं. वेबसाइटला ६००, रिपोर्टला ३००, बॅकअपला १०० दिलं आणि तिन्ही गटांना एकाच वेळी सगळे कोअर हवे असले, तर वाटणी ६०, ३० आणि १० टक्के अशी होते. वेबसाइट निवांत झाली की तिचा वाटा आपोआप उरलेल्या दोघांकडे जातो आणि वाटणी ७५–२५ होते. काहीच वाया जात नाही. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं.

आता याच सीग्रुपमध्ये वजनाऐवजी कमाल मर्यादाही घालता येते, आणि लोक ती सढळ हाताने घालतात. समजा आपण एखाद्या गटाला ‘दोन कोअर, त्यापुढे नाही’ असं सांगितलं. कर्नल त्याचा अर्थ लावतो: दर १०० मिलिसेकंदांत २०० मिलिसेकंद सीपीयू. त्या गटात आठ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालू शकणारे कामाचे धागे, असतील आणि एक मोठी विनंती आली, तर ते आठही कोअरवर एकदम धावतात आणि २५ मिलिसेकंदांत सगळा वाटा संपवतात. उरलेले ७५ मिलिसेकंद त्यांना सक्तीने थांबवलं जातं. बाकीचा सर्व्हर रिकामा असला तरी त्यांची सुटका नाही. सरासरी वापराचा आलेख निवांत दिसतो आणि वापरणारा मात्र वेबसाइट उघडायची वाट पाहत बसतो. सीपीयू क्षणात परत घेता येत असताना तो आधीच अडवून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. ग्राहकाला मोजून वेळ विकायचा असेल किंवा कामाचा वेग रोज सारखाच हवा असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी वजन पुरतं.

मेमरीचा स्वभाव वेगळा आहे. तिच्यात प्रोसेसची माहिती राहत असते, आणि ती काढायची तर आधी दुसरीकडे ठेवावी लागते. शिवाय लिनक्स मेमरी देतो म्हणजे आधी नुसतं वचन देतो. प्रोसेसने १० जीबी मागितली तर बहुधा होकार मिळतो. खरी मेमरी मात्र ४ केबीच्या एकेका तुकड्याने, म्हणजे ‘पाना’ने, त्या जागेला पहिल्यांदा हात लागेल तेव्हा मिळते. सगळ्यांना दिलेल्या वचनांची बेरीज प्रत्यक्ष मेमरीपेक्षा जास्त असू शकते, आणि एरवी त्याने काही बिघडत नाही.

सगळ्यांनी एकदम वचन वसूल करायला घेतलं की कर्नल आधी डिस्कवरच्या फायलींची पानं टाकून देतो, कारण ती पुन्हा वाचता येतात. मग बाकीची पानं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर त्यासाठी राखलेल्या जागेत, लिहितो. मेमरीतून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर एसएसडीवरून त्याच्या हजारपट वेळ लागू शकतो. म्हणून पानं सतत आत-बाहेर होऊ लागली की सर्व्हर कामाऐवजी हमालीच करत राहतो. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच या अवस्थेचं नेमकं विश्लेषण केलं होतं. याच्याही पुढे गेलं तर कर्नलमधला ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर उठतो आणि एक प्रोसेस मारतो. तो मुख्यतः सर्वांत जास्त मेमरी कोणाकडे आहे हे बघतो, म्हणून बळी पुष्कळदा डेटाबेसचाच जातो, जो वाचवण्यासाठी बाकी सगळा खटाटोप असतो.

म्हणून मेमरीच्या बाबतीत आधी ठरवून ठेवणंच शहाणपणाचं. डेटाबेसच्या गटाला सीग्रुपची ‘मेमरी.लो’ ही सेटिंग देऊन एवढी मेमरी शक्यतो काढू नये असं सांगता येतं. रिपोर्ट आणि बॅकअपला ‘मेमरी.मॅक्स’ ही कमाल मर्यादा घातली की त्यांनी मर्यादा ओलांडली तरी त्याची शिक्षा त्यांच्याच गटात भोगली जाते. ‘मेमरी.हाय’ हा मधला मार्ग मला विशेष आवडतो. त्या रेषेपलीकडे गेलेल्या गटाला कर्नल मारत नाही, त्याची गती मंद करतो आणि त्याच्याकडून पानं परत घेत राहतो. सांभाळणाऱ्याला लक्ष घालायला तेवढी उसंत मिळते.

तंगी आहे की नाही हे मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ या आज्ञेच्या पहिल्या आकड्यांवरून ठरवू नये. मोकळी मेमरी जवळजवळ शून्य दिसणं ही निरोगी सर्व्हरची नेहमीची अवस्था आहे, कारण कर्नल रिकामी जागा फायलींच्या साठ्यासाठी वापरतो. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. त्याहून चांगलं माप २०१८ च्या अखेरीस कर्नल ४.२० मध्ये आलं. कर्नल स्वतःची माहिती दाखवतो त्या ‘प्रोक’खालच्या ‘प्रेशर’ या फोल्डरमध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्या फायली असतात. गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत किती टक्के वेळ कामं त्या-त्या गोष्टीवाचून अडून राहिली, ते तिथे लिहिलेलं असतं. मेमरीच्या फायलीत ‘फुल’ची ओळ असते. तो आकडा शून्यावरून सरकून वर टिकून राहू लागला, तर तेवढे टक्के वेळ एकही काम पुढे सरकत नव्हतं असा त्याचा अर्थ. ओओएम किलर उठायच्या पुष्कळ आधी ही ओळ हलू लागते.