खर्चाची वाटणी की भागीदारी? दोघींनी मिळून परवडणारं समुपदेशन केंद्र काढण्याआधी

दोन समुपदेशक मैत्रिणी एकत्र येतात, छोटा फ्लॅट भाड्याने घेतात, दारावर एकच पाटी लावतात आणि सगळ्यांना सांगतात, "आम्ही पार्टनरशिपमध्ये सेंटर सुरू केलंय." त्यातल्या बऱ्याच जणी पार्टनर नसतातच, फक्त खर्च वाटून घेत असतात. उलट काही जणी "आम्ही नुसतं भाडं वाटून घेतो" म्हणतात आणि कायद्याच्या नजरेत केव्हाच भागीदार झालेल्या असतात. केंद्र नेहमीच्या फीचं असेल तर हा घोळ काही वर्षं खपून जातो. फी कमी ठेवायची असेल तर मात्र तो पहिल्या काही महिन्यांतच पैशात दिसू लागतो.

आकडे घेऊनच बघू. समजा मेधा आणि सायलीने पुण्यात जागा घेतली. भाडं १८ हजार, रिसेप्शन सांभाळणाऱ्या मुलीचा पगार १२ हजार, लाइट बिल-इंटरनेट वगैरे ४ हजार, असा महिन्याचा खर्च ३४ हजार. दोघीही महिन्याला ६० सेशन घेतात. मेधाकडे संध्याकाळी नोकरदार येतात, ते हजार रुपये देतात. सायलीकडे दुपारी कॉलेजची मुलं आणि वस्तीतल्या बायका येतात, त्यांना ३०० रुपयेच जमतात. खर्च अर्धा-अर्धा वाटला तर मेधाच्या हातात ६० हजारांतून १७ वजा जाऊन ४३ हजार राहतात. सायलीच्या १८ हजारांतून तेच १७ हजार गेले की उरतात हजार रुपये. काम तितकंच, तास तितकेच, आणि "परवडणारं केंद्र" म्हणून नाव झालं ते सायलीच्या सेशनमुळे!

भागीदारीत मिळकत एकत्र धरतात. ७८ हजारांतून ३४ गेले, उरले ४४, प्रत्येकीला २२. सवलतीच्या फीचा भार दोघींनी उचलला.

दोन्ही व्यवस्थांत खरा भेद हा आहे. खर्चाच्या वाटणीत जागा सामायिक असते, धंदा आपापला. भागीदारीत धंदाच एक असतो. स्वस्त फी हा दोघींचा मिळून घेतलेला निर्णय असेल आणि हिशेब मात्र वेगवेगळा, तर जी जास्त गरजू माणसं घेते ती आधी थकते, मग निघून जाते. असं होऊ नये असं मला फार मनापासून वाटतं, कारण अशी केंद्रं आपल्याकडे मुळात कमी आहेत.

कायदा काय म्हणतो? भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. सगळ्यांनी मिळून, किंवा सगळ्यांच्या वतीने एकाने, चालवलेल्या धंद्याचा नफा वाटून घ्यायचं ठरवलं की भागीदारी झाली, अशी त्याच्या कलम ४ मधली व्याख्या. लेखी करार नसला तरी भागीदारी होऊ शकते. कलम ६ म्हणतं की भागीदारी आहे की नाही हे सगळ्या परिस्थितीवरून ठरवायचं; नुसता नफ्यात वाटा आहे एवढ्यावरून नाही. हा विचार १८६० च्या कॉक्स विरुद्ध हिकमन या इंग्लंडमधल्या खटल्यापासून चालत आला आहे. तिथे कसोटी ठरली ती अशी: एकाने केलेला व्यवहार दुसऱ्याच्या वतीनेही असतो का? तुमच्या केंद्राला हाच प्रश्न लावून बघा. सायलीने घेतलेल्या सेशनची पावती कोणाच्या नावाची? पैसे कोणाच्या खात्यात? क्लायंट कोणाचा?

दोन पावतीपुस्तकं, दोन खाती, दोन पॅन आणि महिनाअखेरीला फक्त भाडं-पगार-बिलं वाटली जातात, तर ती खर्चाची वाटणी. एक पावतीपुस्तक, एक खातं आणि उरलेलं वाटून घेणं, ही भागीदारी.

भागीदारीत एकीने केंद्राच्या कामासाठी केलेला व्यवहार दुसरीला बांधतो आणि देण्याची जबाबदारी दोघींवर एकत्र तसंच एकेकीवर पूर्णपणे येते (कलम २५). मेधाने केंद्रासाठी दोन लाखांचं फर्निचर उधारीवर आणलं तर दुकानदार सगळे पैसे सायलीकडून मागू शकतो. खर्चाच्या वाटणीत एरवी तसं होत नाही, पण पाटी सांभाळून लावा. आपण भागीदार आहोत असं एखादीने भासवलं, किंवा दुसरीला भासवू दिलं, आणि त्या भरवशावर कोणी उधार दिलं, तर कलम २८ प्रमाणे तिला भागीदारासारखंच जबाबदार धरता येतं. म्हणून फक्त खर्च वाटणाऱ्यांनी पाटीवर दोन नावं स्वतंत्र लिहावीत, लेटरहेड आणि पावत्या वेगळ्या ठेवाव्यात.

जागेच्या कराराकडे बहुतेक जणी दुर्लक्ष करतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. खर्च वाटायचा असेल तर त्यावर दोघींची नावं घाला. करार एकीच्याच नावावर असेल आणि दुसरी तिला दरमहा पैसे देत असेल, तर जागा पुढे कोणाला वापरायला द्यायची नाही या नेहमीच्या अटीवर बोट ठेवून मालक आक्षेप घेऊ शकतो.

भागीदारीत करारनामा नसेल, किंवा तोंडदेखला असेल, तर रिकाम्या जागा कायदा भरतो. नफा समान, मग एकीने ८० सेशन घेतले असोत आणि दुसरीने ४०. कामासाठी वेगळा मोबदला नाही. हिशेबाच्या वह्या बघायचा, त्यांच्या नकला घ्यायचा हक्क दोघींना (कलम १२). हा शेवटचा मुद्दा आपल्या पेशात नाजूक आहे. क्लायंट बोलताना जे सांगतो त्याच्या नोंदी म्हणजे फर्मच्या वह्या नव्हेत, हे करारात स्पष्ट लिहा: पैशाचा हिशेब दोघींना खुला, सेशनच्या नोंदी जिच्या तिच्या कुलपात, आणि त्यावर चर्चा करायची तर क्लायंटची परवानगी घेऊन. खर्चाच्या वाटणीत हा गोंधळ होत नाही, फक्त सामायिक कॉम्प्युटर आणि रिसेप्शनवरची वही जपावी लागते.

वेगळं होताना फरक सगळ्यात जास्त टोचतो. खर्चाच्या वाटणीत ठरलेली नोटीस द्यायची, डिपॉझिटचा आपला हिस्सा घ्यायचा, क्लायंट आपले आपल्याबरोबर. भागीदारीत कलम ३६ आडवं येतं. बाहेर पडलेल्या भागीदाराला तोच धंदा करता येतो, जाहिरातही करता येते, पण वेगळा करार नसेल तर फर्मचं नाव वापरता येत नाही आणि फर्मच्या जुन्या ग्राहकांना आपल्याकडे या म्हणून सांगता येत नाही. दुकानाला हे ठीक आहे. पण आठ महिने सायलीशी बोलत असलेल्या मुलीला ती आता कुठे बसते हे कळूच नये, हे मला त्या मुलीवर अन्यायाचं वाटतं. म्हणून करारात एक कलम हवंच: कोणीही बाहेर पडली तर चालू क्लायंटला दोघींनी मिळून कळवायचं, पुढे कोणाकडे जायचं ते क्लायंटने ठरवायचं, आणि त्यासाठी कोणी कोणाला पैसे द्यायचे नाहीत.

नोंदणीबद्दल थोडक्यात. फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर कलम ६९ मुळे फर्मला बाहेरच्यांवर आणि भागीदारांना एकमेकांवर करारातल्या हक्कांसाठी दावा लावता येत नाही. महाराष्ट्राने १९८४ मध्ये आणखी पुढे जाऊन, काही अपवाद सोडता, नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदारांना फर्म मोडण्याचा आणि हिशेबाचा दावाही बंद केला होता. ती तरतूद सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तरीही नोंदणी करून घ्या.

आता कर. कमी फीच्या केंद्राला हा विषय टाळता येत नाही. फर्मला नफ्याच्या पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि वर ४ टक्के सेस लागतो. व्यक्तीसारखी सूट नाही. वरच्या उदाहरणात वर्षाचा नफा ५ लाख २८ हजार, त्यावर कर साधारण १ लाख ६५ हजार. त्याच मेधा-सायली स्वतंत्र असत्या आणि दुसरं उत्पन्न नसतं, तर सध्याच्या नव्या कररचनेत दोघींनाही शून्य कर. पण भागीदारी करारात काम करणाऱ्या भागीदारांच्या मोबदल्याचं कलम नीट घातलं, तर पहिल्या ६ लाख नफ्यावर ९० टक्क्यांपर्यंत (किंवा ३ लाख, जे जास्त असेल ते) मोबदला वजा करता येतो. मग फर्मचा कर साडेसोळा हजारांच्या आसपास येतो आणि मोबदला दोघींच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो. एका कलमाने एवढा फरक! नेटवरून उतरवलेल्या नमुन्यावर सही करण्याआधी हे सीएला दाखवाच.

एलएलपी (लिमिटेड लायबिलिटी पार्टनरशिप, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी) हा तिसरा पर्याय २००८ च्या कायद्याने आला. त्यात दुसरीच्या चुकीची झळ आपल्या घरापर्यंत सहसा येत नाही, पण दरवर्षीची कागदपत्रं वाढतात. दोन खोल्यांच्या केंद्राला सुरुवातीला ती गरज नसते.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष खर्चाच्या वाटणीवर काढा, पण अर्धा-अर्धा नको. सवलतीचा वेगळा निधी करा. पूर्ण फीच्या प्रत्येक सेशनमागे १५ टक्के त्यात टाका आणि सवलतीची सेशन घेणारीला त्यातून द्या. उदाहरणात मेधाचे ९ हजार सायलीकडे गेले, म्हणजे ३४ आणि १० हजार. समान नाही, पण सायली टिकू शकेल. हा निधी सवलतीपुरताच आहे, नफ्याची वाटणी नाही, हे लेखी ठेवा आणि दोघींच्या सह्या घ्या. वर्षभरात एकमेकींचे पैसे, वेळ आणि क्लायंट यांबद्दलचे स्वभाव कळतात. त्यानंतरही दोघींना एकाच पावतीपुस्तकावर काम करायचं असेल, तर करारनामा करून भागीदारीत या.