नवे तंत्रज्ञान आणि डिजिटल समावेशन : केरळच्या दोन उपक्रमांतून दिसणारा फरक

ग्रामपंचायतीचे दाखले ऑनलाइन मिळू लागले की गाव डिजिटल झाले, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. या एका विधानात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कारभार करणाऱ्या संस्थेने नवे तंत्रज्ञान स्वीकारणे ही पहिली गोष्ट, आणि त्या गावातल्या प्रत्येकाला ते स्वतःच्या कामासाठी वापरता येणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरी झालीच असे गृहीत धरता येत नाही. केरळच्या स्थानिक स्वराज्य विभागाने या दोन्ही गोष्टी स्वतंत्र उपक्रम म्हणून राबवल्या असल्याने त्यांतला फरक तिथे स्पष्टपणे पाहता येतो.

पहिला उपक्रम ‘के-स्मार्ट’. इन्फर्मेशन केरळ मिशन या राज्य सरकारच्या संस्थेने तयार केलेली, स्थानिक संस्थांच्या सेवा ऑनलाइन देणारी ही प्रणाली १ जानेवारी २०२४ रोजी राज्यातील ६ महानगरपालिका आणि ८७ नगरपालिकांमध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये ९४१ ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यात आली. जन्म-मृत्यू नोंदणी, मालमत्ता कर, व्यवसाय परवाने, बांधकाम परवानगी आणि तक्रारी ही सर्व कामे तिच्यातून होतात. कागदी अर्ज जसाच्या तसा पडद्यावर आणण्यापुरती ती मर्यादित नाही. व्हिडिओद्वारे ओळख पटवून विवाहनोंदणी करता येत असल्याने आखातात नोकरी करणाऱ्या जोडप्याला त्यासाठी कार्यालयात यावे लागत नाही; लहान, कमी जोखमीच्या घरांना नियमांत बसणारा आराखडा दिल्यास लगेच परवानगी मिळते; आणि एखाद्या भूखंडावर कोणते बांधकाम नियम लागू आहेत हे नकाशावरच कळते. टेबलामागच्या माणसाच्या मर्जीला वाव कमी करणारा हा बदल आहे, आणि त्याला नवोपक्रम म्हणणे योग्यच ठरेल.

दुसऱ्या उपक्रमाची सुरुवात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लंपारा या ग्रामपंचायतीत झाली. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांना मजुरी खात्यात जमा झाली की नाही एवढे पाहण्यासाठी बँकेत जाऊन रांग लावावी लागे आणि त्यात कामाचा वेळ वाया जाई. यावर उपाय म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे प्रशिक्षण सुरू झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ही पंचायत पूर्ण डिजिटल साक्षर म्हणून जाहीर झाली. पुढे तोच नमुना ‘डिजी केरळम’ या नावाने राज्यभर नेण्यात आला. ८३ लाखांहून अधिक कुटुंबांच्या सर्वेक्षणात सुमारे २१.८८ लाख लोक डिजिटल व्यवहारांपासून दूर असल्याचे आढळले. त्यांना शिकवण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थी, कुडुंबश्री या महिला बचतगटांच्या जाळ्यातील कार्यकर्त्या आणि इतर स्वयंसेवक घरोघरी आणि थेट कामाच्या ठिकाणी गेले. फोन आणि व्हिडिओ कॉल करणे, बिल भरणे, सरकारी सेवा शोधणे अशा कृती शिकणाऱ्याने स्वतः करून दाखवायच्या होत्या. शिकणाऱ्यांत नव्वदी ओलांडलेले हजारो जण होते. २१ ऑगस्ट २०२५ रोजी राज्य पूर्ण डिजिटल साक्षर झाल्याची घोषणा झाली. या साऱ्यात नवे तंत्रज्ञान म्हणावे असे काहीच नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती.

दोन्हींतला निर्णायक फरक मोजणीत आहे. के-स्मार्टसारखी प्रणाली आलेले अर्ज, निकाली निघालेले अर्ज आणि त्यांना लागलेला वेळ मोजते. ज्याने अर्ज केलाच नाही, तो तिच्या कोणत्याही तक्त्यात उमटत नाही. डिजी केरळमची सुरुवातच बाहेर राहिलेल्या माणसांच्या मोजणीने झाली. त्यामुळे नव्वद टक्के अर्ज वेळेत निकाली काढणाऱ्या पंचायतीत समावेशन किती झाले, हे त्या टक्केवारीतून कधीच कळणार नाही.

ही गल्लत किती महाग पडते, हे आपण २०२१ मध्ये पाहिले. कोविड लसीकरणाच्या नोंदणीची ‘कोविन’ ही प्रणाली तांत्रिकदृष्ट्या मोठी कामगिरी होती, याबद्दल वाद नाही. परंतु १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी ऑनलाइन पूर्वनोंदणी सक्तीची झाली, तेव्हा वेगवान इंटरनेट आणि सरावलेली बोटे असणाऱ्या मुंबईकरांनी पालघरच्या ग्रामीण केंद्रांवरील वेळा राखून ठेवल्या, आणि त्या गावांतील रहिवाशांना आपल्याच केंद्रावर लस मिळेना. सर्वोच्च न्यायालयाने मेअखेरच्या आदेशात डिजिटल दरीचा मुद्दा उपस्थित केला. नोंदणीची सक्ती टप्प्याटप्प्याने उठली. प्रणाली बंद पडली होती म्हणून हे घडले असे नाही. ती ठरल्याप्रमाणेच चालत होती.

नवे तंत्रज्ञान आणि समावेशन या दोहोंच्या मध्ये एक तिसरी व्यवस्था आहे आणि तिच्यामुळे गोंधळ वाढतो. केरळमध्ये २००२ साली मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षया’ प्रकल्प सुरू झाला तो प्रत्येक घरातल्या किमान एका व्यक्तीला संगणक शिकवण्यासाठी. पुढे त्याच केंद्रांवर चालक इतरांचे अर्ज भरून देऊ लागले. आपल्याकडील आपले सरकार सेवा केंद्राचे कामही साधारण याच पद्धतीने चालते. तिथे दाखला मिळतो, परंतु ओटीपी चालकाला सांगितला जातो, अर्ज कुठे अडकला हे त्यालाच ठाऊक असते आणि पुढच्या वेळीही त्याच्याकडेच जावे लागते. मी या केंद्रांना कमी लेखत नाही. दृष्टी अधू झालेल्या वृद्धाला मोबाइल शिकण्याचा आग्रह करण्यापेक्षा जवळचे केंद्र निश्चितच बरे. मात्र केंद्रावर झालेला व्यवहार हा नागरिकाच्या डिजिटल क्षमतेचा पुरावा म्हणून दाखवला जातो, तेव्हा आकडे फसवे होतात.

समावेशनाची अडचण अशी की ते घोषणेच्या दिवशी संपत नाही. स्मार्टफोन जुना होतो, ॲपची रचना बदलते, रिचार्ज परवडेनासा होतो. जोडणीचा खर्च हा वेगळाच प्रश्न आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘के-फोन’ या सरकारी इंटरनेट जाळ्यातून गरीब कुटुंबांना मोफत इंटरनेट देण्याची तरतूद केरळने म्हणूनच केली. नवी प्रणाली आली की कालचा साक्षर आज पुन्हा अडखळू शकतो. केरळच्या ग्रामपंचायतींत के-स्मार्ट पोहोचले ते साक्षरतेच्या घोषणेआधी जेमतेम चार महिने. बिल भरायला शिकलेल्या मजुराला त्याच फोनवरून घरपट्टी भरता येते का आणि तक्रार नोंदवता येते का, याची पडताळणी आता पुल्लंपारासारख्या पंचायतींनाच करावी लागेल. आणि ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी कार्यालयातली खिडकी तोवर उघडी ठेवावी लागेल.