दोन्ही चॅनलवर सेम सिग्नल येतोय? मग तो नर्व्हचा नाही

गांडुळाच्या अंगात दोन ठिकाणी बारीक सुया लावायच्या, तिसरी सुई ग्राउंडची, छोटा ॲम्प्लिफायर लॅपटॉपला जोडायचा, गांडुळाच्या एका टोकाला प्लास्टिकच्या काडीने हलकंच टोचायचं आणि स्क्रीनवरच्या दोन रेघांवर (प्रत्येक सुईचा एक चॅनल, त्याची एक रेघ) एकामागोमाग एक येणारे स्पाइक, म्हणजे सिग्नलच्या टोकदार उसळ्या, बघायचे. नर्व्हमधून सिग्नल किती वेगाने पळतो हे शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये मोजायचा हा अगदी सरळ प्रयोग आहे. (गांडुळाला आधी दहा टक्के अल्कोहोलच्या पाण्यात काही मिनिटं ठेवून सुन्न करा, आणि झालं की धुऊन परत मातीत सोडा, हे प्लीज विसरू नका.) पण बऱ्याचदा होतं काय, की दोन्ही रेघा हुबेहूब सारख्या येतात, त्याच क्षणी, त्याच आकाराच्या, आणि पोरं खूश होतात की स्पाइक मिळाला.

तिथेच थांबायला हवं. नर्व्हचा सिग्नल एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो, त्याला वेळ लागतो, त्यामुळे तो दोन्ही सुयांवर एकाच क्षणी दिसूच शकत नाही. दोन चॅनल वापरायचं कारणच हे आहे. 1850 च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नर्व्हला दोन वेगवेगळ्या जागी करंट दिला, दोन्ही वेळा स्नायू आखडायला किती वेळ लागला ते मोजलं आणि एकातून दुसरा वजा केला, मग स्नायूचा स्वतःचा उशीर आपोआप गेला आणि नुसत्या नर्व्हचा वेग उरला, सेकंदाला साधारण 27 मीटर. त्यांचे गुरू म्युलर यांना तर वाटायचं की हा वेग माणसाला मोजताच येणार नाही. आजही हॉस्पिटलमध्ये हाताला मुंग्या येतात म्हणून एनसीव्ही टेस्ट (नर्व्हचा वेग मोजणारी) करतात तेव्हा मनगट आणि कोपर अशा दोन जागांच्या वेळांची वजाबाकीच करतात.

मग दोन्ही रेघा सारख्या का येतात? मुंबईत पहिला संशय पाण्यावर घ्यायचा. गांडूळ ओलं, हवा दमट, आणि आपण ते सुकू नये म्हणून वरून अजून पाणी शिंपडतो, मग दोन सुयांच्या मध्ये पाण्याचा थर साचतो आणि तो दोघींना जोडून टाकतो. टिश्यू पेपरने सुयांच्या मधली जागा टिपून घ्या, अंग ओलसर असू दे पण खाली डबकं नको. दुसरा संशय केबलवर. फोनच्या आणि बऱ्याच लॅपटॉपच्या हेडफोन जॅकला माइकचा एकच चॅनल असतो, तुम्ही ॲम्प्लिफायरच्या बॉक्समधून दोन पाठवा नाहीतर चार, आत एकच जातो आणि सॉफ्टवेअर तोच दोन रेघांवर काढतं. इथे सुया कितीही हलवल्या तरी काही फरक पडत नाही, यूएसबीने जोडा. आणि लॅपटॉपमध्ये नॉइज कॅन्सलेशन चालू असेल तर ते बंद करा, ते माणसाच्या आवाजासाठी बनवलंय, स्पाइकला ते कचरा समजतं.

तिसरी गोष्ट अर्डुइनोवाल्यांसाठी, म्हणजे जे अर्डुइनो नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाने सिग्नल वाचतात त्यांच्यासाठी. अर्डुइनो उनोमध्ये व्होल्टेज मोजणारा भाग एकच असतो, तो एकदा हा चॅनल वाचतो, एकदा तो. दुसऱ्या चॅनलची वायर निघालेली असेल तर त्यावर आधीच्या वाचनाचा थोडा चार्ज उरतो आणि तो रिकामा चॅनल शेजाऱ्याची नक्कल करायला लागतो, दिसायला इतकं खरं दिसतं की भलेभले फसतात. खात्री करायची तर तो इनपुट सरळ ग्राउंडला जोडून बघा, रेघ सपाट झाली पाहिजे.

आता घरघर, म्हणजे घरातल्या विजेमुळे येणारा 50 हर्ट्झचा हम. तो दिसला की सगळे वैतागतात, पण मला वाटतं तो खूप कामाचा आहे. दोन्ही चॅनलवर आला तर ग्राउंडची सुई सैल आहे किंवा लॅपटॉप चार्जरवर आहे, चार्जर काढा, डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करा. एकाच चॅनलवर आला तर त्या चॅनलची सुई किंवा वायर बघा. तरी कळेना तर दोन्ही प्लग बॉक्सवर अदलाबदल करा: बिघाड प्लगसोबत दुसऱ्या रेघेवर गेला तर गडबड सुईच्या बाजूला, जागेवरच राहिला तर बॉक्समध्ये.

अजून एक फसवा प्रकार म्हणजे हालचाल. काडी लागली की गांडूळ अंग आखडतं, सुया हलतात आणि दोन्ही रेघांवर एकदम मोठी लाट येते. ती दहा-वीस मिलिसेकंद किंवा जास्तच पसरलेली असते, खरा स्पाइक एक-दोन मिलिसेकंदात संपतो, त्यामुळे झूम करून रुंदी बघा.

आणि पक्की परीक्षा हवी असेल तर दुसऱ्या टोकाला टोचा. डोक्याकडून टोचलं तर नर्व्हमधला मधला जाड तंतू पेटतो, म्हणजे सिग्नल पाठवतो, शेपटीकडून टोचलं तर बाजूचे दोन, आणि स्क्रीनवरचा क्रम उलटा व्हायलाच हवा. उलटा झाला नाही तर ते नर्व्ह नाही, मग स्पाइक कितीही सुंदर दिसू दे.

सुयांमधलं अंतरही नीट ठेवा. सेकंदाला 20 मीटर वेग धरला तर 1 सेंटीमीटर जायला अर्धा मिलिसेकंद लागतो. मशीन सेकंदाला 10,000 वेळा वाचत असेल तर दोन वाचनांमध्ये 0.1 मिलिसेकंद, म्हणजे हातात फक्त पाच ठिपके, एक ठिपका चुकला की उत्तर 20 टक्क्यांनी चुकलं. तेच अंतर 4 सेंटीमीटर केलं तर चूक 5 टक्क्यांवर येते.

एवढं सगळं करूनही दोन बॅचचे आकडे वेगळे आले तर लगेच बॉक्स उघडू नका. एक बॅच एसी रूममध्ये बसली होती का आणि दुसरी पंख्याखाली, ते विचारा, कारण गरम असलं की नर्व्ह भराभर चालते. तापमानाचा नर्व्हवर किती परिणाम होतो यावर कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दीकी यांनी अमेरिकन शास्त्रज्ञ सीमोर बेंझर यांच्यासोबत काम केलंय, 1976 मध्ये त्यांनी जीनमध्ये बिघाड असलेल्या अशा फळमाश्यांच्या नर्व्हचा अभ्यास छापला ज्या गरम झाल्या की लुळ्या पडतात आणि थंड झाल्या की परत चालायला लागतात. तेव्हा वहीत वेगाच्या आकड्याशेजारी सुयांमधलं अंतर, कुठल्या टोकाला टोचलं ते आणि खोलीचं तापमान, तिन्ही लिहा.