पार्श्वभूमी: डबघाईला आलेली विमान कंपनी आणि आगाऊ भरलेले तिकिटाचे पैसे

विमान कंपनीचं दिवाळं निघालं की आगाऊ पैसे भरून बसलेला प्रवासी कायद्याच्या लेखी विनातारण धनको ठरतो. तारण असलेल्या बँकांची देणी आधी भागतात, आणि त्याच्या वाट्याला बहुतेकदा काहीच उरत नाही.

संरक्षणाची पहिली भिंत पॅकेज टूरवाल्यांसाठी उभी राहिली. ऑगस्ट 1974 मध्ये ब्रिटनमधला कोर्ट लाइन हा सहल-समूह बुडाला आणि हजारो पर्यटक परदेशात अडकले. 1990 च्या युरोपीय नियमांनी पॅकेजचे पैसे सुरक्षित ठेवणं आयोजकांवर बंधनकारक केलं. नुसतं विमानाचं तिकीट मात्र बाहेरच राहिलं. 2017 मध्ये मोनार्क ही ब्रिटिश विमान कंपनी कोसळली तेव्हा सुमारे 1,10,000 प्रवासी परदेशात होते. बहुतेकांना कसलंच कवच नव्हतं, तरी सरकारने विमानं भाड्याने घेऊन त्यांना परत आणलं. ज्यांचा प्रवास सुरूच झाला नव्हता, त्यांना आपले पैसे आपणच सोडवावे लागले.

ते सुटतात मुख्यतः कार्डामुळे. ब्रिटनमध्ये 1974 च्या कायद्याने क्रेडिट कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. आज ही जबाबदारी 100 पौंडांहून जास्त ते 30,000 पौंडांपर्यंतच्या किमतीला लागू आहे. मध्ये एजंट आला की ही साखळी तुटू शकते, म्हणून तिकीट थेट कंपनीकडून घेतलेलं बरं. इतरत्र आधार चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत खेचण्याचा. तो बहुधा कायदा नसून कार्ड नेटवर्कचा नियम आहे: दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे ठरलेल्या प्रवासाच्या तारखेपासून 120 दिवस, आणि व्यवहारापासून 540 दिवसांच्या आत.

खरा वाद इथूनच सुरू होतो. चार्जबॅकचा बोजा शेवटी कंपनीच्या वतीने कार्डाचे पैसे स्वीकारणाऱ्या प्रोसेसरवर पडतो. जानेवारीत विकलेलं जूनचं तिकीट म्हणजे त्याच्या डोक्यावर पाच महिन्यांची जोखीम. म्हणून कंपनी डळमळू लागली की तो पैसे रोखतो, विमान उडाल्यावरच सोडतो. याला होल्डबॅक म्हणतात. एप्रिल 2008 मध्ये अमेरिकेच्या फ्रंटियर विमान कंपनीला प्रोसेसरने अशी रोख वाढवत असल्याचं कळवलं, आणि रोकड आटण्याच्या भीतीने तिने न्यायालयाचं संरक्षण मागितलं. ती उडत राहिली आणि सावरलीही. कंपन्यांची तक्रार अशी, की आजारी माणसाचा ऑक्सिजनच काढून घेतला जातो. तक्रार अगदी खोटी नाही. पण होल्डबॅक नसेल तर उद्याच्या प्रवाशाच्या पैशावर आजचं इंधन भरलं जातं, आणि हे त्या प्रवाशाला कोणी विचारलेलं नसतं. पैसे उड्डाणापर्यंत वेगळ्या खात्यात ठेवण्याची सूचना दर मोठ्या दिवाळखोरीनंतर निघते आणि दर वेळी बारगळते.

अलीकडच्या प्रकरणांत अडचण वेगळीच दिसली. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण झालं. मे 2023 मध्ये गो फर्स्टने उड्डाणं आधी मोजक्या दिवसांसाठी थांबवली, मग तारीख पुढे पुढे ढकलली. दिवाळखोरी प्रक्रियेत वसुलीला स्थगिती मिळाली आणि परतावे अडकले. कंपनी ‘तात्पुरतं’ म्हणत राहते, इकडे 120 दिवस मात्र सरत असतात. त्यामुळे पुन्हा उड्डाण सुरू होण्याची वाट न पाहता उड्डाण रद्द झाल्याचा ईमेल, 13 आकडी ई-तिकीट क्रमांक आणि कार्डाचं स्टेटमेंट जोडून ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाखाली बँकेत लगेच दावा टाकावा लागतो.

घाबरून स्वतःच तिकीट रद्द करणं सर्वांत महागात पडतं: ते स्वेच्छेने रद्द केलेलं ठरतं आणि दावा कमकुवत होतो. व्हाउचर घेतलं तर कार्डाची वाट बहुधा बंद होते आणि कंपनीवरचा दावा विनातारणच राहतो. विम्यात दिवाळखोरीचं कलम स्वतंत्रपणे पाहावं लागतं. कंपनी अडचणीत असल्याची बातमी फुटल्यावर काढलेल्या पॉलिसीत तिचं नाव बऱ्याचदा वगळलेलं असतं. परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर निदान अडकून पडायची वेळ येत नाही, पण जोडविमान वेगळ्या पीएनआरवर असेल तर पहिलं उड्डाण रद्द झाल्यावर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही.